उंटिणीचा तंग आणि पायाचा पट्टा

जुना झालोय मी, मित्रांनो, आणि साधा रबराचा पट्टा आहे. पाणबुडे पायांत ते लांब पंख घालतात ना, फिन म्हणतात त्यांना, ते टाचेशी धरून ठेवायचं काम माझं. रूप बेताचंच, पण मी नसलो तर फिन गेलीच म्हणून समजा!

वाळवंटाला लागून असलेल्या दहब गावाच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पडलो ओवैदच्या हाती. हा बदू, म्हणजे वाळवंटातला उंटवाला, पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या उंटिणीवर लादून दूरच्या खाडीवर पोचवायचा. मग तिकडे मोटारबोटी सुरू झाल्या आणि त्याचं काम गेलं. आता पाण्याखालचा वाटाड्या व्हायचं, नाहीतर त्या म्हाताऱ्या उंटिणीला, शगराला, बाजारात उभं करायचं. तिथे म्हातारी उंटीण कोण घेतं आणि कशाला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षा एकच होती. दमलेल्या पाणबुड्याला प्रवाहातून ओढून काठाला आणायचं. पाण्याखाली पोहायला शिकवणारी रावयाबाईच दमल्याचं सोंग घ्यायची. ओवैदने मला उंटिणीच्या पोटाखालून ओझ्याचा तंग आवळावा तसं दात-ओठ खाऊन आवळलं. अर्ध्या वाटेत त्याच्या पोटरीत गोळा आला आणि बाईंनाच त्याला ओढत आणावं लागलं.

"पट्टाच भिकार आहे," वाळूवर बसून तो कुरकुरला. असा राग आला मला!

"पट्ट्याला कशाला शिव्या, काका? पाय बघा, निळा पडलाय."

"ढिला ठेवला तर सुटेल की, बाई! उभा जन्म गाठी मारण्यात गेला माझा."

"मग शगराचा तंग आवळल्यावर खाली बोट घालून का बघता?"

"काचू नये म्हणून. मुकं जनावर ते!"

"ती नवसाची, आणि तुम्ही काय वाटेवर पडलेले?"

ओवैदने आपल्या निळ्या पायाकडे पाहिलं. मग स्वतःशीच हसला.

दुसऱ्या दिवशी रबरी मोजे चढवून, कमरेएवढ्या पाण्यात बाईंच्या खांद्याला धरून तो उभा राहिला. मला सैल सोडलं, हळूच ओढलं आणि खाली बोट घातलं. बोट जेमतेम शिरलं, टाच मात्र हलली नाही. तेव्हा कुठे माझाही जीव भांड्यात पडला. बाईंना त्याने असं ओढत आणलं की काठ आला तरी सोडीना.

"अहो काका, वाळू लागली! आता घरी नेता की काय मला?"

पुढे वाटाड्या होऊन कितीतरी पाहुण्यांच्या टाचेच्या पट्ट्यांखाली त्याने बोट घालून पाहिलं. मला रोज गोड्या पाण्यात धुवायचा. एका उन्हाळ्यात मात्र गच्चीवर विसरला आणि उन्हाने मला भेगा पडल्या. फिनला नवा पट्टा आला. वाटलं, संपलं आपलं.

पण नाही. शगराच्या तोंडाला बांधलेल्या म्होरकीचा दोर तिच्या गालाला काचत होता. त्या जागी ओवैदने मला शिवून टाकलं. आता ती सावलीत रवंथ करते आणि मी तिच्या गालाशी सुखात आहे.

मित्रांनो, खारं पाणी धुऊन टाका, उन्हात विसरू नका. आणि काहीही बांधाल तेव्हा खाली एक बोट घालून बघा, पाय आपला स्वतःचा असला तरी. ओवैद अजून रोज सकाळी बघतो. आधी शगराच्या गालाशी, मग स्वतःच्या टाचेशी.