ऑक्टोपसला सहा शिट्ट्या

सुलूताईंनी चिमट्याने ऑक्टोपसचा एक पाय निखाऱ्यावरून उचलला, सुरीने टोक कापलं, फुंकर घातली आणि तोंडात टाकलं. मग त्या चावत राहिल्या. बाल्कनीत उभी असलेली तिघंही त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"झालाय," त्या म्हणाल्या. पण घास काही खाली उतरेना.

वैजयंता मुलीच्या सासरी आज पहिल्यांदाच जेवायला आली होती. हाटकेशहून बेव्हर्ली पार्क म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं, पण लग्नानंतर हे बोलावणं यायला आठ महिने लागले होते. जावई साहिल सकाळीच उत्तनच्या मासळी बंदरावर जाऊन ऑक्टोपस घेऊन आला होता. मोबाइलवर बघून त्याने शेगडी पेटवली, पण पुढचं सगळं त्याच्या आईने, सुलूताईंनी हातात घेतलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला मासळी कोण शिकवणार? माकूल, म्हणजे स्क्विड, दोन मिनिटांत काढायची, जास्त ठेवली की रबर होते, तेव्हा हाही त्यातलाच, असं म्हणून त्यांनी तो कच्चाच निखाऱ्यावर टाकला होता. पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात ते उगाच नाही.

साहिलने सगळ्यांना एकेक तुकडा दिला. वैजयंताने चावला आणि पहिल्याच चाव्याला तिला कळलं. कच्ची राहिलेली वजडी, बकऱ्याचं पोट, अशीच लागते. शब्द अगदी ओठांवर आले, तेवढ्यात पंचशीलाने तिच्याकडे बघून डोळे मोठे केले.

लेकीने काल फोनवर बजावलं होतं, "मम्मी, तिकडे वजडीबिजडीचं काही काढू नकोस हां. आत्ता कुठे आई माझ्याशी नीट बोलतायत."

वैजयंताला राग आला होता. ज्या वजडीवर पोरगी वाढली, तिचीच आता लाज? पण तो राग तिने गिळला होता, कारण तिलाही लग्नाचा दिवस आठवत होता. हॉलमध्ये सुलूताई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. आज उपवास आहे म्हणाल्या, आणि त्यांनी ताटाला हात लावला नाही. ते ठीक. पण उपवासाला चहा चालतो हे वैजयंताला काय माहीत नव्हतं? तोही त्यांनी तसाच ठेवला होता. कपावर साय धरेपर्यंत वैजयंता त्याच्याकडे बघत होती. आज या बाईने आपल्या हातचं नाही खाल्लं तरी आपलं काही अडत नाही, पण लेकीला याच स्वयंपाकघरात जन्म काढायचाय, ही धास्ती तिला सकाळपासून होती.

"आई, राहू दे. आपण बाहेरून मागवू या," साहिल म्हणाला.

सुलूताईंचा चेहरा पार उतरला. विहिणीला बोलावलं आणि हे असं झालं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. ते बघून वैजयंताला राहवेना.

"मोठा कुकर आहे का, ताई?"

"मम्मी..." पंचशीला हळूच म्हणाली.

"वजडी कच्ची राहिली की अशीच चिवट लागते," वैजयंता म्हणाली. आता बोललोच आहोत तर पुरतं बोलू या. "आमच्याकडे सहा शिट्ट्या देतात. याचंही तसंच असणार. आधी शिजवायचा, मग भाजायचा."

मग सुलूताई आत गेल्या आणि त्यांनी वरच्या फळीवरचा कुकर काढून तिच्या हातात दिला.

हळद, मीठ, आलं-लसूण आणि घोटभर पाणी. शिट्ट्या होत राहिल्या तसा पंचशीलाने पुसलेला ओटा पुन्हा पुन्हा पुसला. सहावी शिट्टी झाली, वाफ जिरली, आणि साहिलने तेल-मसाला चोळून पाय परत जाळीवर ठेवले. कडा कुरकुरीत व्हायला लागल्या, तसा घरभर वास सुटला.

वैजयंताने बोटांनी एक तुकडा मोडून पाहिला. अलगद तुटला. सवयीने ती म्हणणार होती, चव बघा, पण हातातल्या तुकड्याकडे लक्ष गेलं आणि ती ताटली शोधू लागली.

"द्या की," सुलूताई म्हणाल्या. त्यांनी तिच्या बोटांतून तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. या वेळी घास सहज उतरला.

पोरं आत ताटं घ्यायला गेली होती. सुलूताई निखाऱ्यांकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या,

"लग्नाच्या दिवशी माझा उपवास नव्हता, ताई."

"ठाऊक आहे मला."

"पंचशीलाला?"

"नाही. तिला कशाला सांगू?"

सुलूताईंनी मान हलवली. आतून पंचशीलाचं हसणं ऐकू आलं, साहिल कशावरून तरी तिला चिडवत होता. वैजयंताला एकदम मोकळं वाटलं. त्या दिवसाचा सगळा राग गेला असं नाही, पण लेकीची काळजी मिटली.

"अजून एक द्या," सुलूताई म्हणाल्या.

वैजयंताने जरा मोठाच तुकडा मोडला.