ढवळायचा चमचा

"बिनगव्हाचा पास्ता? आहे ना, बसा!" म्हणत मालकीणबाईंनी खुर्ची ओढून दिली आणि लोरेदाना हातातली पिशवीही न ठेवता बसली.

तोरिनो शहरात मायलेकींनी आज गाठलेली ही तिसरी खाणावळ. आधीच्या दोन्ही ठिकाणी तिने प्रश्नांची सरबत्ती केली होती आणि दोन्हीकडून मुलीचा हात धरून बाहेर पडली होती. आता दोन वाजून गेले होते. थोड्या वेळात शहरातल्या सगळ्या खाणावळींच्या चुली दुपारपुरत्या बंद होणार. सात वर्षांच्या इलारियाचं तोंड भुकेने एवढंसं झालं होतं. पण गव्हाचा कण जरी पोटात गेला, तरी पोर तीन दिवस कळवळायची.

"पाणी वेगळं उकळता ना?" लोरेदानाने दबक्या आवाजात विचारलं.

"पाणी काय, पातेलंच वेगळं!"

"मग द्या." आज आणखी विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं.

इलारिया मात्र उभीच होती.

"काकू, ढवळता कशानं?"

"चमच्यानं गं राणी. बोटानं ढवळू होय?"

"दोन्ही पातेल्यांत एकच चमचा?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. लोरेदानाचे कान तापले.

"इलारिया, पुरे. बस बघू."

"थांब ना आई. बघून येऊ दे त्यांना."

मालकीणबाई आत गेल्या. परतल्या तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"एकच आहे. चाळणीसुद्धा. चाळीस वर्षं चुलीपाशी उभी आहे मी, हे कुणी विचारलं नव्हतं." मग आत तोंड करून त्या ओरडल्या, "पिएरो! ते सगळं ओतून दे. नवं पाणी, नवा चमचा, चाळणीही नवी काढ!" आणि मुलीकडे वळून हळू म्हणाल्या, "वीस मिनिटं लागतील. धीर आहे?"

"आहे," इलारिया म्हणाली आणि मग कुठे बसली.

ताटली बाईंनी स्वतः आणली.

"आता काही शंका, इन्स्पेक्टरबाई?"

इलारियाने वरच्या चीजकडे बारीक नजरेने पाहिलं.

"किसणी?"

"कोरी करकरीत. आत्ताच कागदातून काढली."

मुलीने काटा उचलला. बाई लोरेदानाकडे वळल्या.

"वय काय हो हिचं?"

"सात!" लोरेदाना म्हणाली, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की पार कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानेही वर्तमानपत्र खाली घेतलं.