तीन गुडघे आणि खालची खोली

घरात माणसं चार आणि गुडघे आठ. त्यांतले दुखणारे तीन: थोरल्या जावेचे दोन्ही आणि धाकटीचा उजवा. झोपायच्या खोल्या वर दोन, खाली एक, आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. खालची खोली भाडेकरू गेल्यापासून रिकामी होती. त्याने मागे ठेवलेल्या दोन खुर्च्या तेवढ्या तिथे होत्या.

थोरली इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असे. रात्री ती कठडा धरून कशीबशी वर जाई. सकाळी मात्र कुणी बघत नाही याची खात्री करून एकेक पायरी बसत बसत उतरे. हे घरात कुणाला कळायच्या आत तिला खालची खोली हवी होती.

"मी दिवसभर उभी असते," ती म्हणाली.

"आणि मी दिवसभर बसलेली," धाकटी म्हणाली. ती तिकीट खिडकीवर कामाला होती. "बसलेल्याचं दुःख उभ्याला नाही कळायचं, जाऊबाई."

"मग उठावं अधूनमधून. खुर्चीला डिंक लावलाय का कुणी?"

दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, यात पडतील म्हणून त्या वाट पाहत होत्या, पण इतक्या वर्षांच्या संसारात भावांना तेवढी अक्कल आली होती. शेवटी थोरल्याने तोडगा काढला. जिचे गुडघे जास्त खराब, तिची खोली. निवाडा फिजिओथेरपीवाल्या बाई करतील.

बाई वयाने लहान होत्या, पण हातांत जोर होता. त्यांनी तिन्ही गुडघे वाकवले, दाबले, वाकताना कुरकुरतात का ते ऐकलं.

"तुमच्या सांध्यातली गादी झिजलीय," त्या थोरलीला म्हणाल्या. "म्हणून सकाळी आखडतात आणि जरा हालचाल झाली की मोकळे होतात. आणि तुमचं," त्या धाकटीकडे वळल्या, "मांडीचे स्नायू कमजोर झालेत. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. बराच वेळ बसून उठताना, जिना उतरताना दुखतं ना?"

"ऑपरेशन?" थोरलीने आशेने विचारलं.

"इतक्यात कशाला? शेक घ्या, मलम लावा, वजन थोडं उतरवा. आणि दोघींनीही मांड्यांचे व्यायाम करा, खरं औषध तेच. इंजेक्शन, ऑपरेशन हे नंतरचं, लागलंच तर."

थोरली हिरमुसली. ऑपरेशन निघालं असतं तर खोली बिनविरोध मिळाली असती.

मग बाईंनी खुर्चीची चाचणी घेतली. हातांची छातीवर घडी घालायची आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा होईल तितक्या वेळा पूर्ण उठून बसायचं. थोरली आठ वेळा उठली, धाकटीही आठच.

"दोन महिने व्यायाम करा, मग पुन्हा मोजू," बाई म्हणाल्या.

"तेव्हा जी कमी वेळा उठेल तिची खोली," धाकट्याने जाहीर केलं, आणि आपण काय बोलून बसलो हे कळायच्या आत कामावर निघून गेला.

थोरलीने व्यायामाला हात लावायचा नाही असं ठरवलं. चार दिवस ते पाळलंही. पाचव्या दिवशी दुकानात, टांगलेल्या शर्टांच्या आड, स्टुलावर बसून तिने पाय सरळ करून नुसता धरून पाहिला. बरं वाटलं. गुडघ्याला घरातलं राजकारण कुठे कळतं? महिनाभरात ती जिना उभ्याने उतरू लागली. पंचाईत एकच झाली. आता घरात मुद्दाम लंगडावं लागे, आणि दोन्ही गुडघे दुखतात म्हटल्यावर लंगडायचं कुठल्या पायाने, हे तिच्या लक्षात राहत नसे.

धाकटीही जिन्यावर कण्हे. पण हल्ली ती फक्त कुणी समोर असलं तरच कण्हते, हे थोरलीने हेरलं होतं.

मोजणीच्या दिवशी बाईंनी खालच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या भिंतीला टेकवून शेजारीशेजारी मांडल्या आणि दोघींना एकदमच बसवलं. थोरली हुश्श करत एकदा उठली आणि बसून राहिली. धाकटी अर्धीच उठली आणि "आई गं" म्हणून परत टेकली. पुढे दोघीही एकमेकींकडे बघत बसल्या.

"हे मी धरणार नाही," बाई म्हणाल्या. "नीट करणार असाल तर थांबते."

धाकटी हळूच कलली. "राहू दे, जाऊबाई. तुमच्याने नाही व्हायचं. घ्या खोली तुम्हीच. या वयात तुम्हाला जिना चढायला लावला तर लोक मला नावं ठेवतील."

"कुठल्या वयात?" थोरलीने विचारलं. दोघींत अंतर तीन वर्षांचं होतं.

"तसं नव्हे हो. पण मी खिडकीखाली रोज पाय ताणतेय. तुम्हाला कसं जमणार?"

"आणि मी काय शर्टांना वारा घालत होते?" थोरलीने पदर खोचला, हातांची घडी घातली. "बाई, घड्याळ लावा."

तीस सेकंदांत थोरली चौदा वेळा उठली आणि धाकटी तेरा वेळा.