फोरमनांच्या डाव्या कानात

हळू बोललात तरी चालेल, मला ऐकू येतं. मी एक श्रवणयंत्र. आकाराने शेंगदाण्याएवढा, रंगाने कातडीसारखा, म्हणजे असूनही दिसू नये अशा बेताने बनवलेला. लोक चष्मा मिरवतात आणि मला लपवतात. पूर्वी वाईट वाटायचं, आता नाही वाटत.

माझा जन्म एका गार, लख्ख कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्याला टोप्या घालून, भिंगातून बघत, श्वास रोखून काम करायची. तिथून मी कानाच्या दवाखान्यात आलो आणि एके दिवशी तिथे फोरमन आले. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण बत्तीस वर्षं लोखंडाच्या कारखान्यात काढल्यावर सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. तिथल्या ठणठणाटाने त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा निम्मा. बरोबर त्यांची बायको होती. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, म्हणून ती सगळ्यांची बाई. दवाखान्यातल्या मुलीने फोरमनांच्या डाव्या कानाचा साचा घेतला आणि मी कायमचा त्यांच्या मापाचा झालो.

त्यांनी मला मोजून तीन दिवस वापरलं. "चमचे आपटतात, वर्तमानपत्र कडकडतं, माझ्याच चपला माझ्यावर ओरडतात!" असं म्हणत त्यांनी मला डबीत घातलं. डबी गेली कपाटात, जुन्या चष्म्यांच्या आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्यांच्या शेजारी.

तिथे मी आठ महिने होतो. बॅटरी काढलेली असली तरी घरातलं थोडंफार कळायचंच. बाई आधी एकेक वाक्य तीनदा सांगायच्या, मग दोनदा. मग त्यांनी नवीनच शब्द धरला, "जाऊ दे." फोरमन "काय?" म्हणाले की त्या म्हणायच्या, "काही नाही, जाऊ दे." भांडण नव्हतं. घर नुसतं हळूहळू मुकं होत चाललं होतं.

बाईंना साठावं वर्ष लागणार होतं. समुद्रकाठी एक फार जुनं, ओसाड बंदर आहे. त्याचं चित्र त्यांनी वर्गातल्या मुलांना वर्षानुवर्षं दाखवलं, पण स्वतः कधी पाहिलं नव्हतं. फोरमनांनी गुपचूप तिकिटं काढली. निघायच्या दिवशी त्यांना पोचवायला आलेल्या त्यांच्या लेकीने मला कपाटातून काढलं, नवी बॅटरी घातली आणि वडिलांच्या खिशात कोंबलं. त्यांच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "बाबा, आईचा वाढदिवस आहे. एवढं तरी करा."

वाढदिवसाच्या सकाळी फोरमन बंदराजवळच्या अतिथिगृहाच्या गच्चीवर आले. तिथली मालकीण आणि बाई खळखळून हसत होत्या. कशावर, ते फोरमनांना कळलं नाही. ते खोलीत परत गेले आणि मला कानात घातलं. बाईंनी पाहिलं. पुढे होऊन त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

दुपारी आम्ही त्या बंदरावर गेलो. काय जागा होती! कड्याच्या टोकावर अर्धे मोडलेले दगडी खांब, छप्पर नसलेल्या कोठारांच्या रांगा, जमिनीखाली पाणी साठवायचे हौद. खाली समुद्र, काठाशी हिरवट आणि पुढे गडद निळा. बाई भिंतींवर हात फिरवत चालल्या होत्या, ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पण कड्यावर वारा होता, आणि वारा हा माझा शत्रू. तो सरळ माझ्यात घुसला आणि फोरमनांच्या कानात नुसता घूं-घूं आवाज माजला. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मला काढून पुन्हा डबीत ठेवलं.

थोड्या वेळाने बाई काहीतरी म्हणाल्या आणि हाताने पुढे दाखवलं.

"हो, हो," फोरमन म्हणाले.

माणसांची ही एक सवय मी नीट पाहिली आहे. ऐकू आलं नाही हे सांगायची लाज वाटते, म्हणून ती हसतात आणि मान हलवतात. बाई गेल्या. फोरमन खांबाच्या सावलीत बोटी बघत बसले.

अर्धा तास गेला. मग आणखी अर्धा. ऊन उतरलं. पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला आणि फाटक बंद व्हायची वेळ झाल्याचं खुणेने सांगू लागला.

"माझी बायको आत आहे," फोरमन म्हणाले.

"कुठे गेल्या?" पहारेकऱ्याने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

फोरमन मागे वळून कोठारांच्या रांगांकडे बघू लागले. तिने सांगितलं होतं. त्यांनी हो म्हटलं होतं. आणि कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं.

पहारेकरी कड्याच्या बाजूला धावला, सगळ्यात वाईट शक्यता आधी बघायला. फोरमन कोठारांकडे पळाले. त्यांनी हाका मारल्या, मग एकदम थबकले. तिने ओ दिली तरी त्यांना कळणार कसं? त्यांनी डबी काढली. घाईघाईत मी दोनदा मातीत पडलो. तिसऱ्यांदा मला कानात बसवलं, पण वारा माझं काही चालू देईना. तेव्हा फोरमन एका जाड भिंतीच्या आडोशाला गेले, डोळे मिटले आणि श्वाससुद्धा धरला.

मी आयुष्यात इतकं जीव तोडून कधी ऐकलं नव्हतं.

"अहो..."

अगदी बारीक, जमिनीखालून आल्यासारखं.

"ऐकू आलं!" फोरमन ओरडले. "कुठे आहेस?"

मी एकाच कानातला, त्यामुळे आवाज आला एवढंच मी सांगू शकतो, कुठून आला ते नाही. फोरमनांनाही ते उमगलं. "बोलत राहा!" ते ओरडले. "थांबू नकोस, बोलत राहा!"

"काय बोलू?"

"काहीही! शिकव मला!"

मग खालून वर्गातला, खणखणीत, जरा रडवेला आवाज आला, "पृथ्वीचा बहुतांश भाग पाण्याने व्यापलेला आहे. तीन बाजूंनी पाणी असलेल्या भूभागाला द्वीपकल्प म्हणतात..." भिंतींच्या आडोशाने फोरमन डावीकडे गेले, आवाज विरला. उजवीकडे वळले, तो वाढला. समुद्राच्या भरती-ओहोटीची कारणं येईपर्यंत ते एका हौदाच्या तोंडाशी पोचले होते.

बाई खाली कोरड्या हौदात बसल्या होत्या. शेवटच्या पायऱ्यांवरून घसरून पाय मुरगळला होता, उभं राहता येत नव्हतं.

"किती हाका मारल्या मी!"

फोरमन शेजारी धपकन बसले आणि त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "तू कुठे जातेस म्हणालीस ते मला ऐकूच आलं नव्हतं. उगाच हो म्हणालो."

"असं किती दिवस उगाच हो म्हणताय?"

"चार वर्षं असतील," ते म्हणाले.

बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम करू लागल्या. तेवढ्यात पहारेकरी आला, आणि दोघांनी मिळून त्यांना वर काढलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आठवडाभर पाय टेकू नका.

दुसऱ्या दिवशी दोघं अतिथिगृहाच्या गच्चीवर समुद्रासमोर बसून होते, बाईंचा पाय स्टुलावर. एकाएकी बाईंनी विचारलं, "मग घराचं काय?"

"कुठल्या घराचं?"

"आपल्या. मी तुम्हाला विचारलं होतं, घर विकून मुलीजवळ राहायला जायचं का. तुम्ही हो म्हणालात."

"मी?"

"दोनदा. मी निम्मी भांडी वाटूनसुद्धा टाकली."

फोरमनांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, मला नाही विकायचं घर. मुळीच नाही."

बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की तो मला लाटेसारखा ऐकू आला. "मलाही नकोच होतं हो," त्या म्हणाल्या. "तुमचं मन आहे म्हणून गप्प बसले होते."

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत, माझी कानात जाणारी नळी दोनदा बदलली आहे आणि दवाखान्यातली मुलगी नवं यंत्र घ्या म्हणून मागे लागली आहे. येईल तोही एक दिवस. माझी जागा घेणाऱ्यावर माझा राग नाही. तुमच्याकडून मागायचं ते एवढंच की ऐकू न आलेल्या गोष्टीला मान हलवू नका. यंत्राला तुम्ही कपाटात ठेवू शकता, पण बोलणाऱ्या माणसाला तिथे ठेवू नका.

आत्ताही स्वयंपाकघरात नळ चालू आहे आणि बाई काहीतरी म्हणाल्या. पाण्याच्या आवाजात मला नीट पकडता आलं नाही, हे कबूल करतो. फोरमनांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आहे. ते उठून दारापर्यंत गेले आहेत आणि विचारताहेत, "काय म्हणालीस?"