आठांपैकी सात

माझ्या धाकट्या भावाची नोकरी एका सूत्राने खाल्ली. तो शोधविमानात निरीक्षक होता. खिडकीला डोळे लावून खाली हरवलेली माणसं हुडकायची, हे त्याचं काम. एकदा वाट चुकलेला एक म्हातारा त्याला दिसला नाही आणि म्हातारा दगावला. आमच्या साहेबांनी चौकशीत छातीठोकपणे सांगितलं, "माझ्या सूत्राप्रमाणे त्या उंचीवरून आठांपैकी सात माणसं दिसतातच. म्हणजे हा झोपला होता." भावाला घरी बसवलं.

साहेबांच्याच विभागात मी संशोधक आहे. सूत्रातली गोम मला ठाऊक होती. त्यांच्या चाचण्यांत निरीक्षकांना आधीच माहीत असायचं की खाली पुतळे मांडलेत, आणि किती. मी हे दोनदा बोलून दाखवलं. साहेब हसून म्हणाले, "बाई, ही भावाची माया बोलतेय." तेव्हाच मी मनाशी खूणगाठ बांधली.

भावाने अपील केलं, तेव्हा समिती चाचणी बघायला मैदानावर आली. साहेबांना हौस दांडगी. म्हणाले, मीच वर जातो. माणसाएवढे आठ पुतळे मैदानात मांडायचं काम माझ्याकडे होतं.

विमान उतरलं. साहेब नकाशा नाचवत आले. त्यावर सात फुल्या. एक पुतळा झुडपात, एक ओढ्याकाठी पालथा, एकाचा हात वर, असं रंगवून रंगवून सांगू लागले. "बघायची इच्छा लागते हो," हेही वर ऐकवलं. समितीच्या अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. मी साहेबांना पोटभर बोलू दिलं.

मग मी पुतळे आणलेल्या ट्रकचा फाळका उघडला. आठही पुतळे आत एकावर एक पडले होते. एकही मैदानात उतरवलाच नव्हता.

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "मग मी पाहिलं काय?"

"तुमचं सूत्र," मी म्हणाले. "आता बाईंना सांगा, झोपलं कोण होतं."

भावाला हे सगळं रंगवून सांगितलं, तर तो हसलाही नाही. "ताई, तो म्हातारा मात्र खरंच खाली होता," एवढंच बोलला. कामावर परत बोलावलं, तरी विमानात काही तो पुन्हा चढला नाही.

साहेबांची बदली कोठारात झाली आहे. मला पाहिलं की ते नजर चुकवतात. मी रोज वाट वाकडी करून त्यांच्या समोर जाऊन उभी राहते.