तिसऱ्या टाकीतली रास्पबेरी बिअर

ऑल्विन टार्गेटचं नाक गेल्या जूनच्या सर्दीत गेलं. म्हणजे दिसायला ते जागेवर होतं, चष्माही नीट पेलत होतं. पण वास म्हणून काही आत येईना. सर्दी गेली, हिवाळा गेला, ख्रिसमसही गेला, वास मात्र परतला नाही. एखाद्या कारकुनाचं असं झालं असतं तर कचेरीत कुणाला पत्ताही लागला नसता. पण ऑल्विन डर्वेंट नदीच्या खोऱ्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत तेवीस वर्षं बिअर बनवत होता, आणि त्या ब्रुअरीत तेवढं एकच नाक कामाला होतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. नोरीनने नवा साबण आणला की तो "छान आहे" म्हणे, आणि दूध नासलं असलं तरी ती ओरडेपर्यंत चहा पीत राही. नेहमीच्या बिअरी त्याने वही, घड्याळ आणि थर्मामीटरच्या जोरावर रेटल्या. त्या इतक्या बिनचूक निघाल्या की मालकीण मेरिलिन म्हणाली, "यंदा तुझा हात बसलाय." तेवीस वर्षांनी हात बसल्याबद्दल ऑल्विनने तिचे आभार मानले.

खरी पंचाईत रास्पबेरीची. दर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, ब्राउन एल ही तपकिरी बिअर तिसऱ्या टाकीत ताज्या फळावर ओतायची आणि मुरू द्यायची. कधी काढायची ते वहीत नाही. रोज सकाळी झाकण उचलून नाक घालायचं. एक दिवस नाकच सांगतं, आज. दोन-चार दिवस पुढे गेलं की बियांचा कडूपणा उतरतो आणि फळाबरोबर आलेले जंतू सवडीने बिअरचं व्हिनेगर करायला घेतात. यंदाही ऑल्विनने झाकण रोज उचललं, नाकही घातलं. शेवटी अंदाजाने एकविसाव्या दिवशी फळ वेगळं केलं.

शनिवारी पहिला ग्लास होता. रीत अशी की रास्पबेरी तोडणारी सगळी माणसं अंगणात जमतात, ऑल्विन सगळ्यांसमोर पहिला घोट घेतो, "चालेल" म्हणतो, आणि मग नळ उघडतो. दुसरा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्याने ग्लास भरला. रंग सुरेख होता, तपकिरी, उजेडात धरला की कडेला लाल. त्याने घोट घेतला. जीभ शाबूत होती. ती म्हणाली, आंबट. पण कसलं आंबट? रास्पबेरीही आंबट आणि व्हिनेगरही आंबट. त्यातला फरक नाकाला कळतो, जिभेला तेवढी अक्कल नसते. त्याने आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. अर्धा लिटर पोटात गेल्यावर त्याला एवढंच कळलं की सकाळचे आठ वाजले आहेत.

बिअरचा जग भरून घेऊन तो गॅरेजवाल्या लेस बँटिककडे गेला.

"चाखून बघ. खरं सांग."

लेसने हात पुसले, प्याला, रस्त्याकडे पाहिलं. "वाईट नाही."

"वाईट नाही म्हणजे कशी?"

"म्हणजे वाईट नाही, गड्या. आता काय शपथेवर सांगू?"

"आंबट लागतेय?"

"रास्पबेरीच ना ती? मग काय मधासारखी लागणार?"

लेस स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही "वाईट नाही" म्हणाला होता, आणि घराचं छप्पर उडालं त्या वाऱ्यालाही. त्या खोऱ्यात मित्राच्या बिअरला नावं ठेवणं म्हणजे त्याच्या आईला नावं ठेवणं. आणि तोंडभर कौतुक करायचं ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी.

दुपारी नोरीनने चाखली. "आवडली मला," ती म्हणाली. गेल्या तीस वर्षांत त्याने केस कसेही कापून घेतले तरी तिने हेच म्हटलं होतं.

राहिल्या मिसेस क्लेनेट. रास्पबेरीचे मळे त्यांचे. वय ऐंशीच्या पुढे, दारूला शिवत नाहीत, पण जिभेला हाड नाही. फळं भरायच्या शेडमध्ये त्या तोंडाला रुमाल बांधून खोकी मोजत होत्या. विषय कसा काढावा म्हणून ऑल्विन पावसाबद्दल बोलत राहिला.

"किती वेळ उभा आहेस रे इथे?" त्यांनी विचारलं.

"पाच मिनिटं झाली असतील."

"आणि तुला काही म्हणायचं नाही?"

"कशाबद्दल?"

"फरशीखाली पॉसम मरून पडलाय. चार दिवस झाले. तोडणाऱ्या पोरी शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत, आणि तू मला पाऊसपाणी सांगतोयस."

ऑल्विनने रुमालाकडे नीट पाहिलं. त्याला वाटलं होतं, बाईंची दाढ दुखत असेल.

"कधीपासून?" मिसेस क्लेनेटनी विचारलं.

"जूनपासून."

"नोरीनला माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"गाढव आहेस."

त्यांनी त्याला थेट मळ्याच्या टोकाला नेलं, रुमाल सोडला आणि बिअरच्या जगावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. "यात माझं फळ होतं कधी काळी," त्या म्हणाल्या. "आता मी याने खिडक्या पुसेन."

"नक्की?"

"तू विचारायला आलास ना? मग ऐक. गेली ती."

शनिवारी सकाळी तो सांगायचंच म्हणून मेरिलिनच्या खोलीत दोनदा गेला. दोन्ही वेळा बाटल्यांच्या बुचांबद्दल विचारून परत आला.

दुपारी अंगणात चाळीसेक माणसं होती. मेरिलिनने ग्लास त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला. नेहमीचा शब्द ओठापर्यंत आला.

"चालणार नाही," तो म्हणाला. "व्हिनेगर झालीय. मला वास येत नाही. आठ महिने झाले."

कुणीतरी खोकलं. मग लेस ग्लास घेऊन पुढे आला. "काल मी प्यालो की. वाईट नव्हती." त्याच्यामागे रांग लागली. माणसं चांगली होती, आणि त्याला आता काही इलाज नव्हता. ती प्याली, डोळ्यांना पाणी आलं ते बाहीने पुसलं. "थंड आहे ना, मग झालं," एकजण म्हणाला. मेरिलिनने आपला ग्लास संपवला आणि खाली ठेवला. "सोमवारी बोलू," ती म्हणाली. विक्रेत्यांना वाटेला लावताना ती याच आवाजात बोलायची.

"थुंका ना कुणीतरी," ऑल्विन म्हणाला. कुणी थुंकलं नाही.

तो आत गेला आणि तिसऱ्या टाकीचा तळाचा नळ त्याने पूर्ण उघडला. नऊशे लिटर बिअर फरशीवरून गटाराकडे निघाली, वर गुलाबी फेस. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे त्यात टेकले, तोंड खाली नेलं आणि बरगड्या ताणल्या जाईपर्यंत श्वास ओढला. नुसती गार हवा आत आली. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा.

नोरीन दारात उभी होती.

"आठ महिने," ती म्हणाली.

"हो."

"काल मी आवडली म्हणाले. खोटं बोलले."

"कसा वास येतोय ते सांग मला."

तिने बूट काढून कोरड्या पायरीवर ठेवले, आत आली आणि चांगल्या झग्यानिशी त्याच्या शेजारी त्या ओल्यात बसली. डोळे मिटले.

"व्हिनेगर. जोरात. नाकात चढतंय."

"आणि?"

"थांब." फेस तिच्या गुडघ्यांपाशी फुटत होता. "त्याच्यामागे ओलं लाकूड."

"आणि त्याच्यामागे?"

तिने आणखी एकदा श्वास घेतला. "नाही, ऑल्विन. तुला हवी आहे म्हणून 'आहे' म्हणू का? रास्पबेरी नाही."

टाकी अजून अर्धी भरलेली होती.

"पुन्हा बघ," तो म्हणाला.

नोरीनने केस मागे धरले आणि पुन्हा खाली वाकली.