मिनिटाला सव्वा सेकंद

मी बोलतोय. जरा सबुरीनं ऐका, कारण माझं सगळंच मिनिटाला सव्वा सेकंद मागे असतं. मी एक स्टॉपवॉच आहे, मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये राहणारा. डोक्यावर एकच बटण. दाबलं की चालू, दाबलं की बंद, तिसऱ्यांदा दाबलं की काटा शून्यावर. झालं गेलं पुसून टाकायची ही सोय माणसांकडे नाही, म्हणून मला पूर्वी त्यांची कीव यायची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कापसात गुंडाळून एका खोक्यातून आलो आणि काचेच्या कपाटात बसलो, एवढंच आठवतं. तेव्हा मी अगदी चोख होतो. माझं काम साध्या लंबकाच्या प्रयोगाचं. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, हलकेच सोडायचा, वीस झोके मोजायचे आणि त्यांना किती सेकंद लागले ते माझ्यावर बघायचं. त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोरानं ओढते त्याचा आकडा काढायचा. पुस्तकात तो सेंटिमीटरच्या हिशेबात नऊशे ऐंशी दिलाय. माझ्या तरुणपणी पोरं घाम पुसत गणित करायची आणि नऊशे ऐंशीच्या जवळ पोचली की एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायची. माझीही छाती फुगायची.

चौऱ्याहत्तर साली एका पोरानं मला व्हरांड्यात नेलं, दोस्त किती वेगानं पळतो ते बघायला. तिथे मी त्याच्या हातातून शहाबादी फरशीवर आपटलो. लॅब अटेंडंट काशीरामनं मला उचलून कानाला लावलं. "चालतंय ना? मग झालं," म्हणाला आणि कपाटात ठेवून दिलं. चालत होतो, पण पोटातली स्प्रिंग दुखावली होती. तेव्हापासून मी मागे पडतो. माझ्या हिशेबानं लंबक जरा जास्तच घाईत झुलतो आणि उत्तर येतं एक हजार वीस.

आता तुम्ही विचाराल, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आलं की. उत्तर चुकतंय हे तर पहिल्याच वर्षी आलं. पण उत्तर चुकलं की घड्याळ तपासायचं, ही आमच्याकडची रीतच नाही. रीत अशी की उत्तर आधी घ्यायचं आणि रीडिंग मागून शिजवायची. पोरं त्याला 'कुक करणं' म्हणत. नऊशे ऐंशीवरून उलटं गणित करत यायचं, प्रत्येक लांबीला किती सेकंद यायला हवेत ते काढायचं, आणि संशय नको म्हणून कुठे नऊशे अठ्ठ्याहत्तर, कुठे नऊशे एक्क्याऐंशी असं फोडणीपुरतं इकडेतिकडे करायचं. ते जर्नलमध्ये उतरवायचं. टिपणीस सर सही करायचे. विद्याधर टिपणीस, आमचे डेमॉन्स्ट्रेटर. माणूस वाईट नव्हता, पण तीन बॅचेस घेऊन दमलेला होता. काही पोरं तर मला चावीसुद्धा द्यायची नाहीत. नुसता हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची.

ब्याऐंशी सालच्या जूनमध्ये जानकी आली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतली, वडील गिरणीत, आणि गिरण्या तर जानेवारीपासून संपावर. ती लॅबमधली पहिली मुलगी जिनं मला सुरू करण्याआधी कानाला लावलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ती फिजिक्सला का आली ते तिनं एकदा शेजारच्या टेबलावरच्या शुभाला सांगितलं. दहावीत असताना फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण झालं होतं. सगळी चाळ दारं-खिडक्या लावून घरात बसलेली. आईनं पाण्यात तुळशीपत्रं टाकलेली. आणि यांच्या पत्र्याला एक भोक होतं. "त्यातून रोज जमिनीवर गोल उजेड पडायचा ना, तो त्या दिवशी चंद्रकोरीसारखा झाला," जानकी म्हणाली. "आणि पेपरात लिहिलेल्या वेळेलाच झाला गं. बाबांच्या घड्याळात बघितलं मी. तेव्हाच ठरवलं, हे लोक एवढं नेमकं कसं सांगतात ते शिकायचं."

शुभा म्हणाली, "मग विचार ना सरांना."

तिनं विचारलं. टिपणीस सर ग्रह-ताऱ्यांचा धडा शिकवत होते, लॅबच्याच फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी असे तीन गोल काढून. "तो उजेड कोरीसारखा का पडला, सर?" सर फळ्याकडून वळले. मला वाटलं, आता ते खडू खाली ठेवून बोलायला लागतील. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "ते पोर्शनमध्ये नाही," म्हणाले आणि गोल पुसले.

मग आला लंबकाचा प्रयोग. वीस झोक्यांना चाळीसच्या वर सेकंद हवे होते, मी एकोणचाळीस पॉइंट तीन दाखवले. तिनं तेच लिहिलं. उत्तर, एक हजार वीस. सरांनी त्याच्यावर लाल काट मारली. "रिपीट." तिनं पुन्हा केलं, एक हजार बावीस. तिसऱ्यांदा केलं, एक हजार एकोणीस. बिचारी झोके मोजताना ओठ हलवायची आणि श्वाससुद्धा जपून घ्यायची. चूक माझी, आणि काट तिच्या वहीवर. मला त्या काचेआड मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

फेब्रुवारी उजाडला. जर्नल पूर्ण नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, आणि तिची एक सही अडली होती. संपाला वर्ष होऊन गेलं होतं. घरात आई म्हणत होती की यंदा अडकलीस तर शिकणं पुरे, शिवणाच्या क्लासला बस. हे सगळं मला तिच्या आणि शुभाच्या बोलण्यातून कळत होतं.

एक दिवस ती वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन आली. "बाबा म्हणाले, ने. आता त्यांना वेळ बघायचं कामच उरलं नाही," ती शुभाला म्हणाली. "म्हणाले, गो, गिरणीचो भोंगो चुकात, पण ह्यां घड्याळ चुकूचा नाय." तिनं आम्हा दोघांना शेजारी ठेवलं आणि दहा मिनिटं डोळा न हलवता बघत राहिली. मी साडेबारा सेकंद मागे. तिनं वहीत आकडा मांडला, रीडिंग सुधारून गणित केलं. नऊशे अठ्ठ्याहत्तर आलं. तिच्या चेहऱ्यावर ते ग्रहणातलं ऊन पडल्यासारखं मला वाटलं. आठ वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं होतं.

ती सरांकडे गेली. "सर, हे घड्याळ मिनिटाला सव्वा सेकंद मागे पडतं."

सरांनी वहीत पाहिलं. मग तिच्याकडे. "बाकीच्यांचं किती आलं?"

"नऊशे ऐंशीच्या आसपास, सर."

"याच घड्याळावर ना? सबंध बॅचचं बरोबर येतं, मग तुझंच कसं चुकतं?"

तिच्याकडे याला उत्तर होतं. ते तिच्या ओठापर्यंत आलेलं मी पाहिलं. पण ते दिलं असतं तर शुभाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि सगळ्या बॅचचं. तिनं वही मिटली.

लॅब रिकामी झाल्यावर टिपणीस सरांनी मला कपाटातून काढलं आणि स्वतःच्या घड्याळाशेजारी ठेवलं. एक मिनिट. दोन मिनिटं. त्यांना समजलं. मी मनात देवाला हात जोडले. सरांनी वर पाहिलं. तिथे फळीवर जुनी जर्नलं रचलेली होती, वर्षानुवर्षांची, प्रत्येक लंबकाखाली त्यांचीच सही. मी खोटा ठरलो तर ती सगळी फळी खोटी ठरत होती. मग त्यांनी रुमालानं माझी काच पुसली आणि मला परत ठेवून दिलं. इतक्या मायेनं मला कधीच कुणी पुसलं नव्हतं आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

जर्नल द्यायच्या शेवटच्या दिवशी शुभा जानकीजवळ येऊन बसली. "वेडेपणा करू नकोस गं. उलटं काढ ना. दहा मिनिटांचं काम आहे." जानकीनं मला हातात घेतलं. कानाला लावलं नाही. चावी दिली नाही. लंबक नुसता लटकत राहिला आणि ती खाली मान घालून उलटं गणित करत गेली. सरांनी सही केली. "बघ, लक्ष दिलं की येतं," म्हणाले. त्यांचीही नजर तिच्या नजरेला भिडली नाही.

ती पास झाली. हुशारच होती, पुढे इथूनच एम.एस्सी.ही झाली. पण त्या दिवसानंतर तिनं या लॅबमध्ये कुणाला प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. शहाऐंशीत धूमकेतू आला तेव्हा सगळं कॉलेज गच्चीवर गेलं होतं. ती खाली बसून नोट्स उतरवत होती.

गेल्या वर्षी टिपणीस सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून जानकी मॅडम आल्या. मला वाटलं, माझे दिवस भरले. आता ही मला कचऱ्यात टाकेल. त्या आशेवर मी सहा महिने काढले. तिनं मला कधी हातच लावला नाही.

परवा अनुपमा नावाची एक मुलगी मला तळहातावर घेऊन तिच्या टेबलाशी गेली. "मॅडम, हे मागे पडतं. मिनिटाला सव्वा सेकंद. मी माझ्या घड्याळाशी लावून बघितलं."

जानकीनं मला घेतलं. सवयीनं कानाशी नेलं, तेवढा एक क्षण. मग फळीवरच्या जर्नलांकडे पाहिलं. त्यात तिचंही कुठेतरी आहे.

"चालतंय ना?" ती हळूच म्हणाली. "बाकीच्यांचं किती आलं?"

"नऊशे ऐंशी, मॅडम."

"मग तुझंच कसं चुकतं?"

अनुपमा आपल्या जागेवर गेली. थोडा वेळ लंबकाकडे बघत बसली, मग तिनं वहीचं मागचं पान उघडलं आणि उलटं गणित सुरू केलं. मी तिच्या कोपराशी पडलो होतो, टेबलाच्या अगदी कडेला.

तुमच्यापैकी कुणी या लॅबमध्ये आलात तर माझ्यासाठी एक करा. तुमच्या कोपराचा मला एक धक्का लागू द्या. फरशी तीच आहे, शहाबादी. फक्त या खेपेला मी नीट पडेन असं बघा, म्हणजे उचलून कानाला लावल्यावर कुणाला काही ऐकू येणार नाही.